जुनी वही, नवं यंत्र : नोंद तपासायची कोणी?

(कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील स्त्री-गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'संगणक आणि नोंदी' असा छापला आहे. तो वाचून बऱ्याच जणींना वाटलं असेल, हे ऑफिसातल्या संगणकावर बसणाऱ्या मुलीचं काम, आपला काय संबंध? म्हणून आधीच सांगते, मी समाजकार्य शिकलेली बाई आहे, संगणक शिकलेली नाही. तरी हा विषय मी मागून घेतला. कामाच्या नोंदी एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेताना कोणती बाई यादीत राहणार आणि कोणती गळणार, हे तिथे ठरत असतं. तो निर्णय एकट्या संगणकवाल्यावर सोडता येत नाही.

पूर्वी आपल्याकडे केसची वही होती, दौऱ्याची डायरी होती. मग एक्सेलचा तक्ता आला. आता अनेक गट कामाचं नियोजन करणारे तयार प्रोग्रॅम वापरतात. त्यात प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं. काम कोणाकडे आहे, कुठवर आलं, पुढची तारीख कोणती, हे त्यावर लिहिलेलं असतं. हे प्रोग्रॅम मुळात कंपन्यांच्या कामासाठी बनले. माल पोचला की कार्ड 'पूर्ण'च्या रांगेत सरकवायचं, अशी त्यांची रीत. आपण त्याच रांगांमध्ये पोटगीची केस, जातीच्या दाखल्याचा अर्ज आणि बचत गटाची बैठक भरतो.

हे प्रोग्रॅम कायमचे नसतात. वंडरलिस्ट नावाचा कामांच्या याद्यांचा प्रोग्रॅम जगभर लोक वापरत होते. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ मध्ये विकत घेतला आणि ६ मे २०२० रोजी बंद केला. पिव्होटल ट्रॅकर हा तर कामाच्या नियोजनाचाच प्रोग्रॅम. तो ३० एप्रिल २०२५ रोजी बंद झाला. कधी फुकटची सोय आखडते, कधी देणगीदार संस्था म्हणते, आमच्याच प्रोग्रॅममध्ये अहवाल भरा. म्हणजे आज ना उद्या हलावं लागणारच. दिवाळीनंतर आपल्या वाड्या वीटभट्टीवर जातात तेव्हा बरोबर काय न्यायचं, मागे काय कोणाच्या भरवशावर ठेवायचं, याचा बाई नीट विचार करते. नोंदी हलवतानाही तेवढा विचार लागतो.

आमच्या गटाने सगळ्या नोंदी हलवण्याआधी वीस नोंदी घेऊन चाचणी केली. मुद्दाम अवघड नोंदी निवडल्या. त्या वीस नोंदींतून जे दिसलं ते सांगते.

पहिली गोष्ट, केसची स्थिती. जुन्या वहीत एका कातकरी बाईच्या नावापुढे लिहिलं होतं, 'नवऱ्याने उचल घेतली, भट्टीवर गेली, पावसाआधी भेटायचं.' नव्या प्रोग्रॅममध्ये दोनच रकाने होते, 'चालू' आणि 'बंद'. सहा महिने भेट नाही म्हणून यंत्राने तिची केस 'बंद' मध्ये टाकली. मारहाण बंद झाली नव्हती, तक्रार मागे घेतलेली नव्हती. 'बंद' मध्ये गेलेल्या नावाची आठवण यंत्र करून देत नाही. ती मे महिन्यात परत आली असती तेव्हा तिच्या वाडीला जायचं कोणाच्याच यादीत नसतं.

कोण गावात आहे आणि कोण बाहेर, ही नोंद किती मोलाची असते हे खालापूरच्या मैत्रिणींना मी सांगायला नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. त्या दिवसांत पहिला प्रश्न होता, त्या रात्री घरात कोण होतं, कामाला बाहेर कोण होतं, आश्रमशाळेत कोणती मुलं होती. नुसत्या लोकसंख्येच्या आकड्याने त्याचं उत्तर मिळत नाही. म्हणून आम्ही 'तात्पुरती बाहेरगावी' असा तिसरा रकाना करून घेतला आणि त्यापुढे परतण्याचा महिना लिहिला.

दुसरी गोष्ट, तारखा. आपण ५/८ लिहितो ते ५ ऑगस्ट. अमेरिकी पद्धतीने चालणारा प्रोग्रॅम ते ८ मे असं वाचतो. २५/८ लिहिलं तर पंचविसावा महिना नसतो, म्हणून यंत्र अडतं आणि चूक कळते. पण १ ते १२ तारखांमध्ये दिवस आणि महिना गुपचूप जागा बदलतात. कोर्टाची तारीख अशी बदलली तर बाई गैरहजर लागेल आणि वकील तिलाच विचारतील, तू आली का नाहीस? यावर उपाय सोपा आहे. हलवण्याआधी सगळ्या तारखांत महिना अक्षरांत लिहायचा.

तिसरी गोष्ट, लिपी. पूर्वी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली कित्येक गटांकडे आहेत. त्यांत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. ती फाइल युनिकोडवर चालणाऱ्या नव्या प्रोग्रॅममध्ये टाकली की अर्थहीन चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार पुन्हा डोळ्यांनी वाचावे लागतात. 'मराठी गेली तर जाऊ दे, इंग्रजीत पुन्हा भरू' असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका. बाईने जे शब्द वापरले तेच पुढे तिच्या जबाबाचा आधार ठरू शकतात.

चौथी गोष्ट सगळ्यांत नाजूक आहे, ती म्हणजे नाव आणि फोन. एकच नोंद दोनदा आली असेल तर यंत्र ती शोधून एकत्र करतं. शोधतं कशावरून? बहुधा मोबाइल नंबरवरून. आपल्या वाड्यांत एका घरात एक फोन, तोही नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. चाचणीत दोन जावांची मिळून एक बाई झाली. धाकटीची पोटगी मोठीच्या रेशनकार्डाखाली गेली. उलटही घडलं. एकीचं माहेरचं नाव पोलीस तक्रारीवर आणि सासरचं आधारकार्डावर, तर एका बाईच्या दोन बायका झाल्या.

त्याच फोनचा दुसरा धोका आणखी मोठा आहे. नव्या प्रोग्रॅममध्ये आठवणीचे संदेश आपोआप जाण्याची सोय असते. नोंदी आत गेल्याबरोबर 'उद्या अकरा वाजता समुपदेशन' असा संदेश तिच्या नावापुढच्या नंबरवर जाऊ शकतो. तो फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर त्या रात्री काय होईल, हे इथल्या कोणालाही समजावून सांगायची गरज नाही. म्हणून पहिलं बटण दाबायचं ते संदेश बंद करण्याचं. त्यानंतरच नोंदी हलवायच्या. आणि नंबरापुढे 'फोन कोणाचा, कधी करायचा' असा रकाना हवाच.

पाचवी गोष्ट, कार्डाच्या आत जोडलेलं. तक्ता करून नोंदी बाहेर काढल्या की नाव, गाव, तारीख येतं. पण कार्यकर्त्यांनी कार्डाखाली लिहिलेले शेरे बऱ्याचदा येत नाहीत. जखमेचा फोटो, दवाखान्याचा कागद, कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचा घटना अहवाल, यांची नुसती जोडणी येते. ती जोडणी जुन्या खात्याकडे बोट दाखवते. जुनं खातं बंद झालं की पुरावाही गेला. हे कागद वेगळे उतरवून त्यांवर केसचा क्रमांक घालावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा घोळ आपल्यासारख्या छोट्या गटांचाच होत असेल. सरकारकडे बघा. पोषण अभियानाबरोबर २०१८ पासून अंगणवाड्यांत 'कॅस' नावाचं ॲप आलं. ते जाऊन मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. आपल्या राज्यातल्या सेविकांचं म्हणणं होतं की दिलेले फोन कमी ताकदीचे आहेत, दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी येतो आणि ॲप इंग्रजीत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी हजारोंनी सरकारचे फोन परत केले. मुलाचं वजन घेणारी बाई ते वजन स्वतःच्या भाषेत लिहू शकत नसेल, तर नवं यंत्र कोणासाठी आणलं?

दुसरं उदाहरण सातबाऱ्याचं. हाताने लिहिलेले उतारे संगणकात चढवताना नावं, क्षेत्रं चुकली. ती महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त करावी लागली. पण २०१७ मध्ये महसूल खात्याने एक गोष्ट केली ती आपण उचलावी अशी आहे. गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला उतारा लोकांसमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने बरोबर की चूक ते सांगायचं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे उतारे मिळू लागले, त्याआधीची ही पायरी होती.

अर्थात चावडीवर किती बायका बसतात हे आपल्याला माहीत आहे. बहिणींची नावं बऱ्याच उताऱ्यांवर कब्जेदार सदरात न लागता 'इतर हक्क' या सदरात पडलेली असतात. वाचन अगदी बिनचूक झालं तरी ती त्याच सदरात राहतात. जुन्या कागदातला अन्याय नव्या यंत्रात जसाच्या तसा उतरला तर यंत्र त्याला 'बरोबर' म्हणतं. म्हणून नोंदी जुळल्या एवढ्यावर आपलं समाधान होऊ नये. नोंदी हलवण्याची वेळ ही रकाने बदलून घेण्याचीही वेळ असते.

आपली चावडी वेगळी असेल. केसच्या नोंदी चारचौघांत वाचता येणार नाहीत. बलात्काराच्या केसमध्ये पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ खाली होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे. त्यामुळे एकेका बाईला एकटीला बसवून तिची नवी नोंद तिला वाचून दाखवायची. ती 'हो, हे माझंच आहे' म्हणेल तेव्हा ती नोंद हलली असं धरायचं. आमच्या चाचणीत एकीने ऐकून विचारलं, 'त्याने घराबाहेर काढलं ते लिहिलंय, पण मी परत गेले ते कुठंय?' खरंच, त्याला रकानाच नव्हता.

यात वेळ जातो, हे मान्य आहे. म्हणून कामाची एक रीत सुचवते. रकाने ठरवायला वाडीवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांना बसवा. जुना वहीक्रमांक नव्या नोंदीत ठेवा, म्हणजे मागचा माग काढता येतो. हलवण्यापूर्वी आणि नंतर नोंदी मोजा, एकूण तर मोजाच, शिवाय वाडीवार आणि प्रकारवार मोजा. जुनं आणि नवं किमान एक फेरा, म्हणजे दिवाळी ते पावसाळा, बरोबरीने चालू ठेवा. भट्टीवर गेलेल्या बायका परतल्याशिवाय त्यांच्या नोंदी वाचून दाखवता येणार नाहीत.

कुलपाचं विसरू नका. जुन्या प्रोग्रॅममध्ये काही कार्डं फक्त समुपदेशक ताईला दिसत होती. तक्ता बाहेर काढला की ते बंधन उरत नाही, सगळं एका फायलीत उघडं पडतं. ती फाइल व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका, कोणाच्या घरच्या लॅपटॉपवर ठेवू नका. एक प्रत कुलपात ठेवा, बाकीच्या खोडा आणि कोणी, कधी खोडल्या ते लिहून ठेवा.

देणगीदारांकडून नवा प्रोग्रॅम येईल तेव्हा सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. आमच्या नोंदी शेऱ्यांसह आणि कागदांसह परत बाहेर काढता येतील का? मराठीत लिहिता आणि शोधता येईल का? आमच्या बायकांची नावं तुमच्या ऑफिसात कोणाकोणाला दिसतील? उत्तर 'नाही' किंवा 'बघू' असं आलं तर ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहा. आकडे त्यांना जरूर द्या. नावं देण्याचा अधिकार त्या बायकांचा आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्या वहीतल्या अशा वीस नोंदी निवडून आणाव्यात, ज्यांत फोन दुसऱ्याचा आहे, नावं दोन आहेत किंवा बाई सध्या भट्टीवर आहे. नावं झाकून आणा. रकाने आपण सगळ्याजणी मिळून आखू.