खालाचा रकाना



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. हिंजवडीत बसून लोकांच्या कामाची नोंद ठेवणारी ॲप बनवतो. आज मात्र माझ्या खालाच्या कामाबद्दल बोलणार आहे. ती पुण्यातल्या एका वस्तीत अंगणवाडी सेविका आहे.

एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. पोषण आहार, लसीकरण, शाळेआधीचं शिक्षण, सगळं तिच्यात आलं. ती चालवणारी बाई मात्र सरकारदरबारी 'मानसेवी'च राहिली. तिला पगार नाही, मानधन मिळतं. केंद्राने ऑक्टोबर 2018 पासून सेविकेला 4,500 आणि मदतनिसाला 2,250 रुपये ठरवले. राज्य त्यात आपली भर घालतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये या बायकांना मेस्मा लावला गेला होता. विधिमंडळात गदारोळ झाला, मग स्थगिती आली. म्हणजे संप करायची वेळ आली की काम अत्यावश्यक, आणि पगाराचं विचारलं की समाजसेवा!

2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. संघटनांचं म्हणणं होतं, फोन कुचकामी, मेमरी अपुरी आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. खरं सांगतो, मला वाटलं होतं, या बायकांना तंत्रज्ञानच नको आहे. मी खालाला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "यात बाळाच्या वजनाला रकाना आहे. मी किती वाजता घरी गेले, त्याला कुठे आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. रकाने ठरवणारे आम्ही. आमच्यापैकी किती जणांनी रडणारं मूल वजनकाट्यावर ठेवलंय?

4 डिसेंबर 2023 पासून दीड महिन्याहून जास्त संप चालला. आमच्या मोहल्ल्यातल्या आया चिडल्या होत्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. मुलांचा आहार बंद होता. खाला त्यांच्या दारात जाऊन बोलायची. सगळ्यांना पटलं असं नाही. पण संघटना मागत होत्या ते वेतन, पेन्शन, ग्रॅच्युइटी या सेवेच्या भवितव्याशीच बांधलेलं आहे; एवढ्या मानधनावर उद्या शिकलेली मुलगी हे काम धरेल कशाला? जर्मनीत 2015 साली बालवाड्यांतल्या शिक्षिकांनी वेर्दी या संघटनेतर्फे कित्येक आठवडे संप केला, तोही आपल्या कामाची श्रेणी वर नेण्यासाठीच. तिथे निदान त्यांना कामगार म्हणत होते.

आपल्याकडे 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सेविका आणि मदतनिसांना 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो, आणि हे काम अर्धवेळ म्हणता येणार नाही. निकाल हातात आहे, पण संघटनांना त्याच्या अंमलबजावणीसाठीही झगडावं लागलं.

खाला पुढच्या वर्षी निवृत्त होतेय. रविवारी मी तिचे कागद लावायला बसणार आहे. नेमणुकीचं पत्रच सापडत नाहीये. तुमच्या घरात कुणी सेविका, मदतनीस असेल तर ते पत्र आजच शोधा, फोटो काढून ठेवा. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर कार्यक्रम संपल्यावर मी दाराशी थांबतो.