उमरावतीचा कापूस, लिव्हरपूलचा कायदा

(अकोला येथे तरुण उद्योजकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या कापूस बाजारात ‘ऊमरा’ नावाची एक प्रत प्रसिद्ध होती. हे नाव उमरावतीचे, म्हणजेच आजच्या अमरावतीचे. सातासमुद्रापलीकडे आपल्या गावाचे नाव गाजावे याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? परंतु त्या अभिमानात एक सल आहे. नाव आपले होते. प्रत ठरविणे, नियम करणे आणि तंटा तोडणे हे सारे लिव्हरपूलच्या हाती होते.

वऱ्हाडातील सौद्याची रीत निराळी होती. दलाल कापडाखाली हात घेऊन बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. तोंडून अवाक्षर न काढता मोठे व्यवहार होत आणि शब्द फिरविणाऱ्याची बाजारातील पत जाई. शेतकऱ्याला खरा भाव कळत नसे, हा त्या रीतीचा दोष होता. तो झाकण्याचे कारण नाही. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने पुढे बाजारांना शिस्त लावली. पण परकीय व्यापारी या रीतीला हसून परत गेले नाहीत. १८५१ साली विंटरथूर आणि मुंबई येथे स्थापन झालेल्या फोलकार्ट ब्रदर्स या स्विस पेढीने खामगावपर्यंत खरेदी आणली आणि स्थानिक दलाल-अडत्यांना हाताशी धरून येथला व्यवहार समजून घेतला.

जपानचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. आपल्या आखूड धाग्याला त्या नावे ठेवीत आणि शेतकऱ्याने बियाणे बदलावे अशी त्यांची अपेक्षा असे. जपानी गिरण्यांनी कापूस आहे तसा स्वीकारला. आखूड धागा अमेरिकी कापसात मिसळून सूत कातण्याचे कसब त्यांनी साधले. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने, निप्पॉन युसेन काइशा या कंपनीच्या सहकार्याने, मुंबई ते कोबे जहाजसेवा सुरू झाली. (त्याच वर्षी योकोहामाहून व्हँकुव्हरकडे निघालेल्या जहाजावर जमशेटजींना स्वामी विवेकानंदांचा सहवास लाभला, हे येथे आठवल्यावाचून राहवत नाही.) पुढे जपान हा हिंदुस्थानी कापसाचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बनला.

मात्र ज्याला आपली रीत ठाऊक असते, त्याला आपली निकडही ठाऊक असते. १९३३ साली जपानी कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत वाढविली गेली, तेव्हा जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या कराराने अखेर दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या : जपानने १० लाख गाठी कापूस घ्यावा आणि त्या बदल्यात ३२.५ कोटी वार कापड येथे विकावे.

आज राज्य आपले आहे, पण लिव्हरपूल संपलेले नाही. जगातील कापसाचा बहुतांश व्यापार तेथील इंटरनॅशनल कॉटन असोसिएशनच्या नियमांनी चालतो आणि परदेशी ग्राहकाशी करार करणारा अकोल्याचा जिनिंगवाला पुष्कळदा त्याच नियमांखाली सही करतो. आपल्याकडे भाव उलटला की, ‘शेठ, एवढ्या वेळी सांभाळून घ्या’ म्हणून मधला मार्ग निघतो, नाते टिकते. यात अप्रामाणिकपणा नाही, ही आपल्या बाजाराची माणुसकी आहे. तेथे करार रद्द होत नाही. माल गेला नाही तर बाजारभावाचा फरक मोजावा लागतो. लवादाचा निवाडा न पाळणाऱ्याचे नाव यादीत जाते आणि मग त्या संस्थेचे सभासद त्याच्याशी व्यापार करू शकत नाहीत. एप्रिल २०१० आणि मार्च २०१२ मध्ये आपल्या सरकारने कापूस निर्यात रोखली, तेव्हा आधी करार केलेल्यांना हा फरक चांगलाच कळला.

दुसरी बाब कचऱ्याची. वेचणीच्या वेळी प्लास्टिकच्या पोत्याचा धागा, केस, सुतळी कापसात गेली, तर आपल्याला ते किरकोळ वाटते. परदेशी गिरणीत तोच धागा रंगविलेल्या कापडावर डाग होऊन उमटतो आणि दोष सबंध भारतीय कापसाला लागतो.

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. उद्या येथून कापड आणि तयार कपडे जातील, तेव्हा समोर निरनिराळ्या स्वभावाची माणसे असतील. जपानी ग्राहक ‘हाय’ म्हणतो, तेव्हा त्याने ऐकले एवढाच अर्थ अनेकदा असतो; तो होकार समजून कोणी यंत्रे चालू करू नयेत. जर्मन ग्राहक दोष तोंडावर सांगतो, त्यात अपमान नसतो. आणि आपले ‘होऊन जाईल’ हे दोघांनाही तारखेचे वचन वाटते.

लिव्हरपूलच्या नियमांचे सुबोध मराठी रूपांतर करून प्रत्येक जिनिंगवाल्याच्या आणि त्याच्या मुनिमाच्या हाती द्यावे. चार जाणते वकील आणि दोन अनुभवी व्यापारी एकत्र बसले, तर पुढचा कापूस बाजारात येण्यापूर्वी हे काम उरकेल.