एकच गंमत पुन्हा पुन्हा



ऐकलेलीच गोष्ट पुन्हा सांगा, असा हट्ट न धरणारे मूल विरळा. वडीलधारी माणसे या हट्टाला कंटाळतात. वर्गातही 'ही गोष्ट झालेली आहे' असे म्हणून शिक्षक पुढे जातो. त्याच त्या गोष्टीत मुलाला नवे काय सापडते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. त्या विचारास उपयोगी पडेल असे एक उदाहरण 'फिनिअस अँड फर्ब' या अमेरिकन बालमालिकेत मिळते. चालत्या-बोलत्या रेखाचित्रांची ही विनोदी मालिका डिस्ने चॅनेलवर २००७ साली सुरू झाली. २०१५ साली ती थांबली आणि २०२५ पासून तिचे नवे भाग पुन्हा येऊ लागले.

डॅन पोव्हनमायर व जेफ मार्श हे तिचे जनक होत. कल्पना १९९० नंतरच्या काही वर्षांतलीच. परंतु ती पडद्यावर येण्यास दशकाहून अधिक काळ गेला. कथानक मुलांना झेपणार नाही इतके गुंतागुंतीचे आहे, असा आक्षेप तिच्यावर घेतला जाई. आक्षेप वरवर पाहता खोटा नव्हता. सुमारे अकरा मिनिटांच्या एकेका कथेत तीन धागे एकाच वेळी चालतात. उन्हाळ्याच्या सुटीत फिनिअस व फर्ब हे सावत्र भाऊ रोज काहीतरी अचाट उभारतात. पहिल्या भागात तर शहरभर फिरणारा प्रचंड आगगाडीचा पाळणा. त्यांची मोठी बहीण कॅन्डेस हा प्रकार आईच्या नजरेस आणण्यासाठी धडपडते. तिसऱ्या धाग्यात घरातला पाळीव प्राणी पेरी गुप्तहेर बनून डॉक्टर डूफेनश्मर्ट्झ या दुष्ट शास्त्रज्ञाचा बेत उधळतो. हा पेरी प्लॅटिपस जातीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियात आढळणारा, अंडी घालणारा सस्तन प्राणी आहे.

हे तीन धागे लहान मूल सहज सांभाळते, याचे कारण कथेची ठरीव वळणे. पेरी दिसेनासा झाला की तो कुठे गेला, असा प्रश्न कोणीतरी विचारतेच. तेवढ्यावरून धागा बदलल्याचे मुलाला कळते. शास्त्रज्ञ पेरीला सापळ्यात अडकवतो, मग आपल्या बालपणीचे एखादे दुःख सांगतो आणि त्यानंतर नव्या यंत्राचा उपयोग समजावतो. त्यांतल्या बहुतेक यंत्रांच्या नावाचा शेवट 'इनेटर' असाच. अखेर तेच यंत्र बिघडून मुलांचे काम नाहीसे करते आणि नेमकी त्याच क्षणी आई येते. कॅन्डेस हात चोळीत राहते. मुले हसतात ती अनपेक्षित घडले म्हणून नव्हे, तर अपेक्षित ते अगदी वेळेवर आले म्हणून.

पुनरुक्तीचे दुसरे सुख अधिक सूक्ष्म आहे. पेरीच्या डोक्यावर टोपी नसली की तो शास्त्रज्ञ त्याला ओळखत नाही. टोपी चढताच चकित होतो. प्रेक्षक मुलाला मात्र सारे आधीपासून ठाऊक असते. इतर वेळी मोठ्या माणसांपेक्षा कमी जाणणारे मूल तेवढा वेळ कथेतल्या प्रौढाहून शहाणे ठरते. दिवसभर चुका दाखविल्या जाणाऱ्या मुलाला हे सुख किती मोलाचे, हे शिक्षकाला निराळे सांगावयास नको.

तथापि नुसती पुनरुक्ती म्हणजे घोकंपट्टी. चौकट तीच राहते; आतला पदार्थ दर वेळी बदलतो. सापळा नवा असतो, यंत्र नवे असते, दुःखाची कहाणीही नवी असते. दोघे भाऊ अशा कामासाठी वयाने लहान नाहीत काय, हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतो. फिनिअस शांतपणे होकार देतो. आणि याच ठरीव प्रश्नोत्तराला कधी कधी अनपेक्षित कलाटणी मिळते. नियम पक्का ठाऊक असलेल्यालाच नियमभंगाची गंमत कळते. २०११ च्या चित्रपटात भावांना पेरीचे रहस्य समजते खरे, पण शेवटी ती स्मृती पुसली जाते. घडी मोडण्याचा आनंद मिळतो आणि पुन्हा घडी बसतेही.

कथाकथनाच्या तासाला यातून घेण्यासारखे बरेच आहे. काऊ-चिऊची गोष्ट किंवा भोपळ्यात बसून जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट याच तत्त्वावर उभी आहे. शिक्षकाने ठरीव वाक्य स्वतः पूर्ण न करता तेथे क्षणभर थांबावे. ते वर्गाला पुरे करू द्यावे. उत्तर देताना बावरणारे मूलही सर्वांबरोबर ते वाक्य बोलते आणि शाळेत त्याचा कंठ प्रथम फुटतो तो अनेकदा असा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादा तपशील बदलावा. वर्ग तत्काळ हरकत घेईल. ती हरकत म्हणजे लक्षपूर्वक श्रवणाची पावतीच होय.

मालिकेतला फर्ब येथे आठवावा. तो फारच कमी बोलतो. पुष्कळशा कथांत त्याच्या वाट्याला जेमतेम एखादे वाक्य येते. परंतु त्याच्या मौनाला कोणी मंदपणा समजत नाही. त्याचे हात सतत कामात असतात आणि तो बोलला की ते वाक्य लक्षात राहते. वर्गातल्या अबोल मुलाकडे पाहण्याची दृष्टी अशीच हवी.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. पुन्हा पुन्हा येणारा विनोद वर्गातही जन्मतो. कोणाच्या बोबड्या उच्चारावर, कोणाच्या उशिरा येण्यावर, कोणाच्या कपड्यांवर. चित्रातला शास्त्रज्ञ दर वेळी हरतो, तरी दुसऱ्या दिवशी तितक्याच उमेदीने उभा राहतो, कारण तो रेषांचा बनलेला आहे. शिवाय त्याच्या बालपणाच्या कहाण्या सांगून निर्मात्यांनी त्याच्याविषयी कणव जागी ठेविली आहे. पाटीवर मान घालून बसलेल्या मुलाला ती सोय नसते. त्याच्यावरची थट्टा वर्गाला रोज नवी वाटली, तरी त्याला ती रोज जुनीच जखम असते. शिक्षक त्या हसण्यात सामील झाला, तर ती थट्टा वर्गाचा नियमच बनते. म्हणून पुनरुक्ती गोष्टीत भरपूर असावी. एकाच मुलाच्या उपहासात मात्र ती एकदाही नसावी.