टी पेशींना जागवणारी प्रथिने

अस्थिमज्जेतून निघालेल्या अपक्व पेशी छातीतील थायमस ग्रंथीत टी पेशी म्हणून घडतात, आणि त्यांपैकी बहुसंख्य तेथेच नष्ट होतात. पृष्ठभागावरील ग्राहीला, म्हणजे प्रथिनाचा विशिष्ट तुकडा ओळखणाऱ्या रेणूला, खूण पटली की पेशीच्या आत ‘एलसीके’ हे विकर ग्राहीशी संलग्न साखळ्यांवर फॉस्फेट जोडते, तेथे ‘झॅप-७०’ येऊन चिकटते व तेच पुढे ‘लॅट’ या प्रथिनाला फॉस्फेट देते, ज्यावरून संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो. झॅप-७०चे महत्त्व १९९४ मध्ये ठळक झाले. ते जन्मतः नसलेल्या बालकांच्या रक्तात सीडी-८ प्रकारच्या टी पेशी जवळजवळ नव्हत्या, तर सीडी-४ प्रकारच्या टी पेशी, आणि हेच अधिक चकित करणारे, संख्येने पुरेशा असूनही ग्राहीमार्फत आलेल्या संदेशाला प्रतिसाद देत नव्हत्या.