वणेकाठी थांबलेली मोजणी

(हिंगणघाट येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



संध्याकाळचे सात वाजून गेले, तरी या मांडवातल्या लोखंडी खुर्च्यांना अजून ऊब आहे. आपल्याकडे त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण माझी सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. तापलेलं लोखंड हाताला लागलं की माझ्या मनात आधी त्याची लांबी येते. शंभर फुटांची पोलादी साखळी दहा अंश सेल्सिअसनं तापली, तर साडेतीन मिलिमीटरहून थोडी जास्त लांबते. शेताच्या धुऱ्यावर एवढ्यानं भांडण होत नाही. पण तीच साखळी एका रेषेत चारशे वेळा टाकायची असेल, तर चूक दीड मीटरच्या घरात जाते. आणि त्या एका रेषेवर पुढे सगळ्या देशाचा नकाशा उभा राहणार असेल, तर त्या दीड मीटरचं काय करायचं?

या प्रश्नापाशी ज्यानं वयाची वीस वर्षं घालवली, तो माणूस आपल्या गावात पुरलेला आहे. लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन. हैदराबादहून नागपूरला निघालेला असताना २० जानेवारी १८२३ रोजी वणा नदीकाठच्या हिंगणघाटच्या मुक्कामात त्यानं प्राण सोडला. छातीचा रोग जुना होता, वयही झालं होतं. नागपूर आणखी दोन-तीन मजलांवर राहिलं होतं.

तो सैनिक होता, हे आधी सांगितलं पाहिजे. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थॅलर्टन गावाजवळच्या साध्या घरातला मुलगा. गणितात हुशार म्हणून शिकायला मिळालं, आणि पुढे पोटासाठी पलटणीत गेला. तेहतिसाव्या पलटणीबरोबर तो अमेरिकेच्या लढाईत होता. १७८१ साली यॉर्कटाऊनला इंग्रज फौजेनं शरणागती पत्करली, तेव्हा तोही कैदी झाला. सुटल्यावर बरीच वर्षं कॅनडाच्या बाजूला बराकींचा कारभार आणि सरहद्दीची मोजणी यांत गेली. तिथे एकदा सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी निरखलं आणि एका डोळ्याची नजर कायमची अधू झाली. पुढे ज्यानं आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावला, त्याच्याजवळ धड डोळा एकच होता!

हिंदुस्थानात तो पलटणीबरोबर आला, चाळिशी केव्हाच ओलांडलेली असताना. पलटणीचा कर्नल वयानं त्याच्याहून कितीतरी लहान होता. त्याचं नाव आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १७९९ साली टिपू सुलतानावरच्या स्वारीत लॅम्बटन जनरल बेअर्डच्या हाताखाली होता. त्या वेळची एक गोष्ट मला फार आवडते. श्रीरंगपट्टणाजवळ रात्रीच्या अंधारात तुकडी परत फिरत होती. लॅम्बटननं आभाळाकडे पाहिलं आणि जनरलला सांगितलं, की आपण उत्तरेकडे जात नसून दक्षिणेकडे, थेट शत्रूच्या रोखानं चाललो आहोत. जनरलला ते रुचलं नाही. ताऱ्यांना न विचारता मला माझी वाट कळते, असं त्याचं उत्तर होतं. मग होकायंत्र काढून पाहिलं, तर तारे खरे निघाले.

श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यानं आपली योजना मांडली: पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सगळा मुलूख त्रिकोणांनी बांधून काढायचा. ही युक्ती शाळेतल्या मुलालाही कळते. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले की उरलेल्या दोन बाजू घरी बसून काढता येतात. मग त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. नदी आडवी असो की जंगल, साखळी घेऊन त्यात उतरायला नको. टेकडीवरून टेकडीवरची झेंडी दिसली म्हणजे झालं. मात्र पहिली बाजू हातानं मोजावी लागते. तिच्यात चूक राहिली, की ती शेवटच्या त्रिकोणापर्यंत सोबत येते.

मद्रास सरकारच्या खर्च तपासणाऱ्या मंडळींना हे पटेना. त्यांच्यातल्या एकाचं म्हणणं असं, की श्रीरंगपट्टणला जायचं तर पालखीच्या भोयांना सांगावं, ते नेऊन पोचवतात, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? पण वेलस्लीनं शब्द टाकला आणि मंजुरी आली. साखळी मिळाली ती मूळ चीनच्या बादशहाला नजर करायला नेलेली. बादशहानं ती परत केली, आणि फिरत फिरत ती कलकत्त्याला आली होती. कोन मोजायचा मोठा थिओडोलाइट लंडनच्या कॅरीनं बनवला, अर्ध्या टनाच्या वजनाचा. तो घेऊन येणारं जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडलं आणि मॉरिशसला नेलं. तिथल्या फ्रेंच गव्हर्नरनं पेटीत काय आहे ते पाहिलं आणि यंत्र मद्रासला सन्मानानं पाठवून दिलं. दोन्ही राष्ट्रांचं युद्ध चालू असताना!

१० एप्रिल १८०२. मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पहिली रेषा मोजायला सुरुवात झाली. लांबी साडेसात मैलांच्या आसपास, साखळी चारशे वेळा टाकायची, आणि काम लागलं ५७ दिवस. हिशेब करा, दिवसाला सात वेळा. मी उमेदवारीत असताना आमचा चेनमन एका सकाळी याच्या कितीतरी पट साखळ्या टाकायचा. मग इथे दिवस कशात जात होता? साखळी जमिनीवर टाकायची नव्हती. तिपाईवर लाकडी पेट्या, त्या एका पातळीत आणायच्या, त्यांत साखळी ताणून ठेवायची, वरून तंबूची सावली धरायची. मग तापमापक लावून पारा किती ते लिहायचं. चैत्र-वैशाखातल्या त्या उन्हात पोलाद तापणार हे ठरलेलंच होतं. लॅम्बटननं उन्हाशी वाद घातला नाही, ऊन किती आहे ते मोजून हिशेबात धरलं. मोजणीच्या धंद्यात याहून मोठी गोष्ट मी शिकलो नाही.

पुढच्या चार वर्षांत त्रिकोण मंगळूरच्या किनाऱ्याला भिडले. जुने नकाशे मद्रासच्या रेषेत द्वीपकल्पाची रुंदी ४०० मैल दाखवत, ती ३६० भरली. चाळीस मैल जमीन नुसती कागदावर होती.

१८०८ साली तंजावरला घात झाला. मुलूख सपाट, टेकडी नाही, म्हणून थिओडोलाइट दोरांनी मोठ्या देवळाच्या उंच शिखरावर चढवत होते. दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं वर्तुळ वाकलं. लॅम्बटननं तंबूत स्वतःला कोंडून घेतलं आणि सहा आठवडे आपल्या हातांनी ते वर्तुळ थोडं थोडं ओढून सरळ केलं. चुकीचं खापर त्यानं कुणावरही फोडलं नाही.

हे वाचलं तेव्हा मला माझा एक दिवस आठवला. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. दोन भावांच्या वाटणीची मोजणी, आणि आकडा जुळेना. मी चारचौघांत चेनमनवर ओरडलो, की तू साखळी सैल धरलीस. तो वयानं माझ्या वडिलांएवढा. काही बोलला नाही, मान खाली घालून उभा राहिला. रात्री वही तपासली तर बेरीज माझीच चुकलेली. दुसऱ्या दिवशी मी आकडा दुरुस्त केला, पण त्याची माफी मागितली नाही. आता तो नाही. आज ते या सभेपुढे बोलून घेतो.

आता अवघड भागाकडे येतो. वेलस्लीचं पुढे काय झालं ते आपल्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. १८०३ साली असई, मग अडगाव, आणि १५ डिसेंबरला गाविलगड. दोन दिवसांनी देवगावचा तह, आणि नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे लचके. त्या वेलस्लीचे पुतळे विलायतेत चौकाचौकांत आहेत. पण आपण त्याला हार घालावा, असं कुणी म्हणणार नाही. ऑस्ट्रियाचा सेनापती राडेट्स्की घ्या. व्हिएन्नात दर १ जानेवारीला त्याच्या नावाची धून वाजते आणि सगळं सभागृह टाळ्यांचा ठेका धरतं. पण १८४८-४९ साली त्यानं ज्यांचा स्वातंत्र्याचा उठाव चिरडला, त्या मिलानकरांना त्या ठेक्यात हात मिसळावासा कसा वाटेल? सेनापतीची आठवण कशी ठेवायची, हे आपण त्याच्या तलवारीच्या कोणत्या बाजूला उभे होतो यावर ठरतं.

मग लॅम्बटनचं काय? तोही त्याच फौजेचा, त्याच पलटणीचा. त्याची साखळी तलवारीच्या मागोमाग चालली, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हैसूर पडलं तेव्हा मोजणीची मंजुरी आली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसल्यांचं राज्य गेलं, अल्पवयीन तिसऱ्या रघूजींना गादीवर बसवून कारभार इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती आला. म्हणूनच लॅम्बटनला आपलं ठाणं नागपूरला हलवता येणार होतं. ती लढाई भोसल्यांनी जिंकली असती, तर तो हिंगणघाटच्या वाटेला लागलाच नसता.

एवढं सगळं मान्य करूनही मी म्हणतो, की हा माणूस आपण जपावा. राज्यकर्त्याला महसुलासाठी आणि फौजेच्या वाटांसाठी नकाशा हवा होता, आणि तेवढ्यापुरता तो कमी खर्चात झाला असता. लॅम्बटनची ओढ निराळी होती. कन्याकुमारीकडून सुरू करून ७८व्या रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकायचं, आणि अक्षांशाचा एक अंश विषुववृत्ताजवळ किती लांब भरतो नि पुढे किती, हे काढायचं. त्यातून पृथ्वी ध्रुवांपाशी नेमकी किती चपटी आहे ते कळतं. हा आकडा कुठल्या राज्याचा नसतो. १८१८ साली या कामाला ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं. त्याच्या हयातीत सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैल मुलूख त्रिकोणांत आला. आजच्या महाराष्ट्राहून कितीतरी मोठा! त्याच्या मदतनिसानं, जॉर्ज एव्हरेस्टनं, लिहून ठेवलं आहे की म्हातारा एरवी थकलेला दिसे, पण यंत्राजवळ उभा राहिला की अंगात तरुणाचं बळ येई.

एव्हरेस्टचं नाव पुढे जगातल्या सर्वात उंच शिखराला मिळालं. नागपूरला १९०७ साली उभारलेला झिरो माइलचा खांब आहे. त्याला लोक भारताचा मध्यबिंदू समजतात, पण तो याच सर्व्हेच्या उंचीमोजणीचा दगड आहे. २००४ साली टपाल खात्यानं या सर्व्हेची तिकिटं काढली, त्यांत सर्व्हेतल्या आपल्या माणसांना, नैन सिंग आणि राधानाथ सिकदार यांना, मान मिळाला, ते फार योग्य झालं. लॅम्बटनच्या वाट्याला शिखर आलं नाही. मद्रासला, जिथे पहिली रेषा सुरू झाली तिथे, त्याचा अर्धपुतळा बसला. आणि शेवट झाला तिथे, आपल्याकडे, त्याचं थडगं.

त्या थडग्याची देखभाल व्हावी, एवढंच मागून मी थांबणार नाही. १८१९ साली एव्हरेस्ट कृष्णा-गोदावरीच्या मधल्या रानात पावसाळ्यात काम करत होता. पावसानं हवा धुतली की दूरची झेंडी स्वच्छ दिसते, म्हणून मोजणी त्याच दिवसांत, आणि हिवतापाचेही तेच दिवस. सोबतची दीडशेच्या आसपास माणसं तापानं पडली आणि हैदराबाद गाठेपर्यंत त्यांतली पंधरा दगावली. खलाशी, हमाल, झेंडीवाले. टेकड्यांवर अर्धा टन यंत्र चढवणारे खांदे यांचे. त्यांच्यावर दगड नाही. लॅम्बटनच्या थडग्यापाशी फलक लागेल तेव्हा त्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत त्यांचाही उल्लेख असावा. आणि ते राज्य कसं आलं होतं, तेही दोन ओळींत खरं खरं लिहिलेलं असावं.

फलकाला वेळ लागेल. परवानगी, निधी, ठराव, सगळं ओळीनं येईल. तोवर एक काम असं आहे ज्याला कुणाची सही लागत नाही. लॅम्बटन अक्षांश काढायचा तो डोक्यावरून, अगदी खमध्याजवळून जाणारे तारे टिपून. आपलं हिंगणघाट साडेवीस अंशांच्या जरा वर आहे, म्हणून २३ मेच्या सुमाराला दुपारी सूर्य नेमका आपल्या खमध्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस. घड्याळात १२ वाजून ११ मिनिटं होत असतील तेव्हा सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी जाते. मी त्या दिवशी सकाळी साडेअकरालाच थडग्यापाशी असेन. शिक्षकांनी मुलांना घेऊन यावं. प्रत्येकानं एक सरळ काठी आणावी, काठी उभी आहे की नाही ते बघायला एक ओळंबा, आणि वही. डोक्याला दुपट्टा बांधून या. दर पाच मिनिटांनी सावली मोजायची आहे, आणि शेजारी त्या वेळचं तापमानही लिहायचं आहे.