रस्ता मागू, काम मागू, पण जंगल देऊन नाही

(आष्टी इथं जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या वनहक्क मेळाव्यातलं भाषण. बोललं तसंच, थोडं नीट करून छापलं आहे. गावात वाचणारे कमी असतील तर एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)

समोर बसलेल्या माझ्या मायबहिणींनो, काका-मामांनो, सयान्या माणसांनो, आणि मागं झाडाखाली उभ्या असलेल्या माझ्या वयाच्या पोरापोरींनो,

मी काही मोठी वक्ता नाही. बारावी झाले आणि शिक्षण तिथंच थांबलं. कायद्याचं जे थोडं समजते ते तुमच्यासोबत दाव्याचे कागद भरता भरता शिकले. म्हणून चुकलं तर सांगा.

आज बोलायचं आहे नव्या आमदारांबद्दल आणि नव्या आश्वासनांबद्दल. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. आपल्या आर्वी मतदारसंघातून सुमित वानखेडे पहिल्यांदा आमदार झाले. ५ डिसेंबरला देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. वानखेडे हे आधी फडणवीसांचे ओएसडी होते. त्यामुळं गावागावात एकच बोलणं चालू आहे, "आता आपला माणूस थेट मुख्यमंत्र्याजवळचा आहे. आता रस्ते होतात, आता पोरांले नोकऱ्या लागतात."

मी म्हणते, लागो बाप्पा. कोणाला वाईट वाटणार आहे? मी कोणाला मत दिलं ते सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. मत देऊन झालं. आता हिशेब विचारायची पाळी आहे. नवा सालदार कामाला लागला की आपण पहिल्याच दिवशी बोलून घेतो ना, किती महिने, काय काम, काय मिळणार? मग पाच वर्षांसाठी ठेवलेल्या माणसाला काहून विचारू नये?

आधी आकडे पाहू. निवडणुकीच्या आधी महायुतीनं दहा वचनं दिली होती. त्यात दोन आपल्या कामाची होती. एक, २५ लाख रोजगार. दुसरं, ४५ हजार गावांत पांधण रस्ते.

महाराष्ट्रात आमदार निवडून देणारे मतदारसंघ २८८. पंचवीस लाखांना २८८ नं भागा. एका मतदारसंघाच्या वाट्याला साडेआठ हजारांच्या वर रोजगार येतात. आपल्या मतदारसंघात आर्वी, आष्टी, कारंजा हे तीन तालुके. या तीन तालुक्यांत साडेआठ हजार रोजगार कुठं उभे राहणार आहेत? कोणत्या कामाचे? महिन्याला पगार किती? कायमचे की ठेकेदाराचे? मी टोमणा मारत नाही, खरंच विचारून राहिले.

आता पांधण रस्ते. आपल्या राज्यात गावंच ४४ हजारांच्या आसपास आहेत. म्हणजे ४५ हजार गावांत रस्ते करायचे तर एकही गाव सुटायला नको. आपली वस्तीही नाही. मग यादीत आपलं नाव कितव्या नंबरवर आहे, हे आजच विचारलं पाहिजे. लाडक्या बहिणीला दीड हजाराचे एकवीसशे करू म्हटलं होतं. इथं बसलेल्या बायांनी पासबुक पाहावं, अजून दीड हजारच येते.

आता कोणी म्हणेल, "अवं पोरी, नवीन माणूस आहे. दोन महिने तर झाले. थोडं थांब." बरोबर आहे. थांबू. पण थांबायचं कसं, ते आपल्या शेजारच्यांकडून शिकू.

वर्धा नदीवर सिंभोऱ्याजवळ अप्पर वर्धा धरण आहे. पलीकडं मोर्शी, अलीकडं आपला आष्टी तालुका. आपल्या तालुक्यातलीही जमीन त्या पाण्याखाली गेली. धरण म्हणजे विकास, हे सगळ्यांनी ऐकलं. धरणग्रस्तांना सर्टिफिकेट मिळालं, सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे म्हणे. धरणाचं पाणी शेतीला म्हणून होतं, त्यातलं नांदगावपेठच्या वीज कारखान्यालाही दिलं. आणि ज्यांची जमीन गेली ते? ऑगस्ट २०२३ मध्ये, धरण होऊन तीस वर्षं झाल्यावर, हे धरणग्रस्त मुंबईला मंत्रालयात गेले आणि आतल्या संरक्षक जाळीवर त्यांनी उड्या मारल्या. त्याआधी शंभराच्या वर दिवस मोर्शीत उपोषणाला बसले होते. मागणी काय? जमिनीचा योग्य मोबदला आणि नोकरी. बापाची जमीन गेली, नोकरी मागता मागता पोराचं वय निघून गेलं.

त्यांची चूक काय झाली? मला वाटते त्यांची चूक काहीच नव्हती. जमीन आधी गेली आणि शब्द मागं राहिला, एवढंच. एकदा हातातली वस्तू गेली की आपल्या बोलण्याला वजन राहत नाही. हेच मला आज सांगायचं आहे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. आमच्या वस्तीचा रस्ता तुम्ही पाहिला आहे. डांबर संपलं की पुढं दीड किलोमीटर जंगलातून पायवाट. दोन वर्षांआधी पोळ्याच्या दिवसांत वहिनीला कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लावला, गाडी डांबरापर्यंत आली आणि थांबली. पुढं चिखल. चार जणांनी खाटेवर घालून वहिनीला नेलं. मी टॉर्च धरून पुढं. पोरगी वाचली, वहिनी वाचली. पण त्या रात्रीपासून मला कोणी "विकासाच्या विरोधातली" म्हटलं की राग येते. रस्ता आम्हाला नको आहे का? रस्ता सगळ्यात जास्त आम्हालाच पाहिजे.

मागच्या महिन्यात एक कार्यकर्ता वस्तीत आला. कोणत्या पक्षाचा ते सांगत नाही, सगळ्या पक्षांत असे आहेत. पोरांचे बायोडाटा, आधारच्या झेरॉक्सा गोळा केल्या. मग म्हणाला, "तुमच्या वस्तीनं सामूहिक वनहक्काचा दावा टाकला ना, त्याच्यानं रस्ता अडून राहिला. जंगल खात्याची जमीन आहे. दावा मागं घ्या, इथं सह्या करा, रस्ताही होते अन् पोरंही लागतात." कागद पाहिला तर अर्धा कोरा.

आमदारांनी असं सांगितलं, असं मी म्हणत नाही. मी ते ऐकलं नाही. पण कागद मी डोळ्यानं पाहिला. आणि माझा सख्खा भाऊ म्हणाला, "ताई, करून टाक ना सही. दावा टाकून काय भेटलं आपल्याले? मी आयटीआय करून तीन वर्षं झाले, संत्रा तोडाले जाऊन राहिलो." त्याला मी काय उत्तर देऊ? तो खोटं बोलत नाही. मी त्या रात्री झोपले नाही. सकाळी कायद्याचं पुस्तक काढलं आणि त्याच्यासमोर वाचलं. तेच तुम्हाला सांगते.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याचं कलम ३(२) लक्षात ठेवा. त्यात १३ कामं दिली आहेत: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, तलाव, पिण्याचं पाणी, छोटे कालवे, प्रशिक्षण केंद्र, समाजमंदिर, आणि हो, रस्तासुद्धा. या कामांसाठी जंगलाची जमीन देता येते. अटी तीन: एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरमागं ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. आता आमचा रस्ता मोजा. दीड किलोमीटर लांब, चार मीटर रुंद धरला तर होते सहा हजार चौरस मीटर, म्हणजे ०.६ हेक्टर. एक हेक्टरच्या आतच आहे! ग्रामसभेच्या शिफारशीवर हा प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडून उपवनसंरक्षकाकडं जाते. दावा मागं घ्यायचा संबंधच कुठं आला? ज्या कायद्यात आपला दावा आहे, त्याच कायद्यात आपला रस्ता आहे. रस्ता दाव्यामुळं अडला नाही. प्रस्ताव कोणी पाठवला नाही, म्हणून अडला.

आणखी एक. घरोघर फिरून गोळा केलेल्या सह्या म्हणजे ग्रामसभा नाही. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. म्हणून बायांनो, तुम्ही आल्या नाही तर ठरावच होत नाही. चूल थोडा वेळ थांबू द्या.

काही जण म्हणतात, आपल्याकडं पेसा आहे. नाही. पेसा गडचिरोलीत आहे, मेळघाटात आहे, वर्धा जिल्ह्यात नाही. म्हणून आपल्याजवळ मोठं हत्यार एकच, वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कसत असेल तर जमिनीवर हक्क आहे. दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणी हटवू शकत नाही. दावा फेटाळला तर कारण लिहून द्यावं लागते, आणि ६० दिवसांत वर अपील करता येते. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं फेटाळलेल्या दावेदारांना काढा म्हटलं, तेव्हा देशभर आदिवासी रस्त्यावर आले, आणि २८ फेब्रुवारीला कोर्टानंच तो आदेश थांबवला. ज्यांच्या हातात दाव्याची पोच होती ते उभे राहू शकले. आता सांगा, स्वतःच्या सहीनं दावा मागं घेणारा कोणत्या तोंडानं कोर्टात जाईल?

आता नोकरीबद्दल, माझ्या भावासाठी आणि झाडाखालच्या सगळ्यांसाठी.

पहिली गोष्ट. खोट्या जात प्रमाणपत्रावर आदिवासींच्या जागा बळकावणाऱ्यांना संरक्षण नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टानं ६ जुलै २०१७ ला दिला. महाराष्ट्रात अशा साडेबारा हजार जागांचा हिशेब सांगितला जाते. नवीन नोकऱ्या आणायच्या तेव्हा आणा, या साडेबारा हजार तर आपल्या हक्काच्या आहेत. आमदारांना विचारायचं: या जागा भरायला विधानसभेत प्रश्न लावणार का?

दुसरी गोष्ट. आज हाताला काम पाहिजे तर रोजगार हमी आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, म्हणजे आपल्या बापाच्या वेळचा. नमुना ४ भरायचा, तारखेची पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागते. मजुरी २०२४-२५ मध्ये २९७ रुपये होती. आपण तोंडानं काम मागतो, म्हणून ते तोंडानंच नाही म्हणतात. कागदावर मागा. रस्त्याचं मातीकामही त्याच्यातूनच मागू.

तिसरी गोष्ट. जंगल हातात असलं तर तेच काम देते. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. १८०० हेक्टर जंगल. २०११ मध्ये केंद्राचे मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री त्या गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. आमदाराच्या चिठ्ठीनं नाही, ठेकेदाराच्या मेहरबानीनं नाही, गावानं स्वतःचा बांबू स्वतः विकला. आपल्याकडं बांबू कमी असेल, पण तेंदू आहे, मोह आहे, चारोळी आहे. भाव ठरवणारा दुसरा आणि तोडणारे आपण, हे किती दिवस?

तर आता काय करायचं? भांडण नाही करायचं. नव्या आमदारांचं स्वागतच करू. वस्तीवर बोलावू, गाडी डांबरावर थांबवू, आणि पुढचं दीड किलोमीटर सोबत पायी आणू. चहा पाजू. मग हे चार प्रश्न विचारू, आणि उत्तर लेखी मागू:

एक, आमच्या वस्तीचा रस्ता कोणत्या योजनेत, कोणत्या वर्षात, किती रुपयांचा?

दोन, कलम ३(२) चा प्रस्ताव जंगल खात्याकडं गेला की त्याचा पाठपुरावा तुम्ही कराल का?

तीन, या तीन तालुक्यांत रोजगार कोणते आणि किती? पोरांच्या बायोडाट्यांचं पुढं काय झालं?

चार, उपविभागीय समितीत आणि जिल्हा समितीत पडून असलेले आमचे वनहक्क दावे कधी निकाली निघतील?

उत्तर मिळालं तर बुलेटिनमध्ये छापू, आभारासकट. नाही मिळालं तर तेही छापू, तारखेसकट.

आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं दोन ठराव घ्यायचे. पहिला, रस्ता आणि इतर सोयींसाठी ३(२) ची शिफारस. दुसरा, कोणत्याही आश्वासनाच्या बदल्यात वनहक्काचा दावा मागं घेतला जाणार नाही, आणि कोऱ्या कागदावर कोणी सही करणार नाही. ठरावाची प्रत सचिवाकडून सही-शिक्क्याची घ्या. घरात पत्र्याच्या पेटीत ठेवा, उंदीर लागणार नाही अशी.

आपण आष्टीत बसलो आहोत. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, याच गावातली माणसं इंग्रजाच्या पोलीस ठाण्यावर चालून गेली आणि शहीद झाली. म्हणून लोक याला आष्टी शहीद म्हणतात. त्यांनी जीव दिला. आपल्याला कोणी जीव मागत नाही. फक्त एक सही करू नका, एवढंच म्हणते.

माझ्या भावानं सही केली नाही. पण तो अजून माझ्यावर रुसून आहे. म्हणतो, "आता नोकरी नाही लागली तर तुयामुळं." मी म्हटलं, बरं. मग आपण दोघं मिळून नमुना ४ भरू, आणि आमदार येतील तेव्हा तिसरा प्रश्न तूच विचार. तो काही बोलला नाही. पण आज आला आहे. तिकडं मागं उभा आहे.

जय सेवा! जोहार!