ज्यांचं नाव दगडावर नाही



बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या कितीतरी घरांत सोप्याच्या भिंतीवर एक फोटो दिसतो. गणवेशातला जवान, शेजारी पदकं, फ्रेमला चंदनाचा हार. पिढ्यान् पिढ्या पलटणीत पोरं धाडणारा हा मुलूख. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. 1971 च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या युद्धात, याच रेजिमेंटची जंगी पलटण पूर्व बंगालात जमालपूरला लढली. परत न आलेल्या जवानांची नावं आपण दगडावर कोरतो, तिथं फुलं वाहतो. ते योग्यच आहे.

पण त्याच युद्धात हाती काठीसुद्धा नसलेली असंख्य माणसं मेली. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. या साऱ्यांची नावं कुठल्या दगडावर आहेत? त्यांचं स्मारक म्हणजे छायाचित्रं. कलकत्त्याजवळ सॉल्ट लेकला सिमेंटच्या मोठाल्या नळांत राहणारी कुटुंबं त्यांत दिसतात. वाकूनच आत शिरायचं, तिथंच चूल, तिथंच अंथरूण. छायाचित्रकार रघू राय यांनी हे निर्वासित टिपले. दुसरे छायाचित्रकार किशोर पारेख तर कुणी धाडलं नसताना गेले आणि दोन आठवड्यांत 67 छायाचित्रं घेऊन आले.

या कामाची किंमत कधीकधी जिवानं मोजावी लागते. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी पुलित्झर पुरस्कार मिळवणाऱ्या रॉयटर्सच्या चमूतले दानिश सिद्दीकी 16 जुलै 2021 रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दकला मारले गेले.

आता आपल्याकडचंच पाहा: 2025 च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षात पूंछमध्ये घरांवर तोफगोळे पडले, लहान मुलंही दगावली. त्याच दिवसांत आपल्या मोबाइलवर काय फिरत होतं? व्हिडिओ गेममधले स्फोट आणि दुसऱ्याच देशातली जुनी दृश्यं, आजची लढाई म्हणून! अशा खोट्या चित्रांच्या ढिगाखाली खरं मेलेलं मूल दुसऱ्यांदा गाडलं जातं.

श्रोतेहो, सोप्यातल्या त्या फोटोखाली आपण नाव लिहितो, तारीख लिहितो. युद्धाचं कुठलंही चित्र पुढं पाठवण्याआधी तेवढंच विचारा: हे कुठलं, कधीचं, कुणी काढलेलं? उत्तर मिळालं नाही, तर बोट आवरा. आणि चित्र खरं निघालं, तर घाईनं पुढं सरकू नका. क्षणभर थांबून त्या माणसाचा चेहरा नीट पाहा.